जनकाबाईच्या दोन काठ्या

शिरड शहापुरात हळद काढणाऱ्या बायांची टोळी म्हणजे जनकाबाईची टोळी. वाकून वाकून तिची कंबर कामातून गेली होती. हिंगोलीच्या डॉक्टरनं बजावलं, "पडून राहाल तर आखडाल. दोन्ही हातांत काठ्या घेऊन रोज चाला."

काठ्या आणल्या संध्यानं. ही तिची सूनही अन् भाचीही; भावाची पोर जनकाबाईनं हट्टानं घरात आणलेली. जनकाबाई लाजायची. संध्या म्हणायची, "लाजता काहून आत्या? रस्ता कोणाच्या बापाचा हाये का?" मग दोघी पहाटे कालव्याकडं निघायच्या. गावातली रिकामटेकडी पोरं विचारायची, "मावशी, दोन-दोन काठ्या घेऊन बरफाच्या डोंगरावर निघाल्या का?" असल्यांना दुसरं काम काय!

पण बाई हटली नाही. उजवा पाय, डावी काठी. पाठीवरचा भार हातांवर यायला लागला, कळ कमी झाली. हंगामाला टोळीपुढं उभं राहायचं, एवढ्यासाठीच तिचं सगळं चाललं होतं. टोळीच्या म्होरकीला काही दिवसभर वाकायचं नसतं. बाया सऱ्यांवर लावायच्या, काम उरकून घ्यायचं.

आमच्याकडं हंगामाआधी शेतवाला म्होरकीच्या दारी येऊन पानाचा विडा देतो. विडा घेतला की काम ठरलं. यंदा तातेराव आले. जनकाबाईनं काठ्या भिंतीला टेकवल्या, पदर सावरला, हात पुढं केला.

तातेरावांनी विडा संध्याच्या हातात दिला.

"मावशी, आता तुमाला आराम. संध्याबाई म्हणली, काठ्यांबिगर तुमचं पाऊल उचलत न्हाई."

जनकाबाईचा हात तसाच राहिला. मी शेजारच्या ओट्यावर बसून बघत होतो. माझंच रक्त तापलं. संध्या खाली बघत म्हणाली, "आत्या, तुमच्या कमरेसाठीच केलं."

"कवा ठरलं हे?"

तातेराव साधा माणूस, बोलून गेला, "दिवाळीलाच की. काठ्या आणल्या तवाच म्हणली ती."

"रोज पहाटं माझ्यासंगं चालत व्हतीस," जनकाबाई म्हणाली. "एक दिवस तोंड उघडलं न्हाई तुझं. परक्या बाईनं केलं असतं तर म्या भांडले असते. तुझ्याशी कसं भांडू?"

काढणीच्या दिवशी टेम्पो दारात आला. संध्यामागं बाया चढल्या, एकीनंही जनकाबाईच्या घराकडं मान वळवली नाही. दुपारी मी डोकावलो तर ती अंथरुणात.

"कंबर धरली का मावशी?"

"न्हाई रे, बरी हाये," ती म्हणाली. "पण उठून जाऊ कुठं?"