गव्हाणीतला पेंढा

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना माझी आठवण येते. एरवी मी बी विंगमधली, चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाणारी बाई. डिसेंबरात मात्र मी ‘आपल्या ख्रिश्चन ताई’ होते. ताई, केक कुठून आणता? ताई, सांताचा ड्रेस असेलच ना तुमच्याकडे? नाताळाला आमच्याकडे करंज्या, चकल्या नि शंकरपाळी होतात, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी समोरच्याचा चेहरा पडतो. माझ्या लेकीला शाळेत सांता भेटतो, मॉलमध्ये सांता भेटतो. ज्याचा वाढदिवस, तो कुठेच भेटत नाही. तो भेटायचा तर घरातच, म्हणून मी या महिन्यात हट्टाला पेटलेली असते.

आमच्या घरची पद्धत सासूबाईंनी घालून दिलेली. डिसेंबरच्या सुरुवातीला लाकडी गोठा माळ्यावरून काढायचा, मरिया, योसेफ, मेंढरं मांडायची आणि मधली गव्हाण रिकामी ठेवायची. बाळ येशू तोवर रुमालात गुंडाळून गव्हाच्या डब्यात. रोज संध्याकाळी प्रार्थनेआधी, त्या दिवशी कुणासाठी काही चांगलं केलं असेल तर गव्हाणीत पेंढ्याची एक काडी ठेवायची. काय केलं ते कुणाला सांगायचं नाही. नाताळाला बाळ त्या पेंढ्यावर निजतं. काही केलं नसेल तर काडी ठेवायची नाही, कारण खोटी काडी बाळाला टोचते, असं सासूबाई सांगायच्या. त्या गेल्या, पण हे राहिलं.

पेंढा आम्ही मोशीच्या गावठाणातून आणतो. तिथल्या आजींनी या वर्षी विचारलं, “कशाला गं एवढासाच?” लेक म्हणाली, “बाळाला झोपवायला.” आजी म्हणाल्या, “व्हय? मंग मऊ बघून ने.” बाकी काही विचारलं नाही.

लेक दुसरीत आहे आणि हिशोबाला कडक. एखाद्या दिवशी गव्हाणीपर्यंत जायची, थोडा वेळ उभी राहायची आणि काडी न ठेवता रडवेली होऊन परत यायची. तरी नाताळ आठवड्यावर आला तेव्हा गव्हाण भरत आली होती.

त्याच सुमारास चेअरमनच्या मिसेस घरी आल्या. रविवारी क्लबहाऊसमध्ये ख्रिसमस पार्टी आहे, तुमचा तो सेट ठेवायला द्या, मुलांना कल्चर कळेल, म्हणाल्या. मला द्यायचा नव्हता. पण लेकीचे डोळे असे चमकले की मी हो म्हटलं. आतलं काही हलवू नका, एवढं मात्र बजावून सांगितलं.

रविवारी मला ओव्हरटाइम लागला. कंपनीच्या बसमधून उतरले ती तशीच क्लबहाऊसमध्ये गेले. नवरा आणि लेक आधीच तिथे आले होते. गाणी ठणाणत होती. जिममधला ट्रेनर सांता होऊन फोटो काढून घेत होता. आमचा गोठा सेल्फी पॉइंटच्या टेबलावर होता आणि गव्हाण चॉकलेटांनी भरलेली होती. पोरं येत होती, हात घालत होती. पेंढ्याची एक काडी शिल्लक नव्हती.

मी विचारलं तर चेअरमनच्या मिसेस हसून म्हणाल्या, “अहो, केवढा कचरा होता त्यात! मावशींकडून साफ करून घेतलं. बाळ हरवलंय वाटतं तुमचं? रिकामं बरं दिसेना, मग चॉकलेटं भरली.”

माझं डोकं फिरलं. कचरा नव्हता तो, माझ्या लेकीची महिनाभराची मेहनत होती, हे मी इतक्या मोठ्यानं बोलले की कुणीतरी गाणी बंद केली. तुम्हाला आमचा सण टोपी घालून फोटो काढण्यापुरता हवा असतो, हेही बोलले. चेअरमन समजुतीच्या सुरात म्हणाले, “ताई, पेंढाच आहे ना? उद्या पोतंभर मागवतो.” आणि नवरा माझा दंड धरून म्हणाला, “जाऊ दे गं. त्यांनी काय मुद्दाम केलंय?” सगळ्यात जास्त चीड मला त्याच्या या वाक्याची आली. मुद्दाम करणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

तेवढ्यात लेक पुढे आली. डोक्यावर कुणीतरी घातलेली लाल टोपी होती. तिनं ती काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “इट्स ओके, आंटी.”

ते ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. आपण मोजके, आपण जमवून घ्यायचं, हे मला लहानपणापासून शिकवलं गेलं. नाताळच्या तोंडावर परीक्षा ठेवली तरी चालतं, सुट्टी नाकारली तरी चालतं, हसून काही हरकत नाही म्हणायचं. माझ्या पोरीनं तेच शिकावं यासाठी मी रोज तिला प्रार्थनेला बसवत नव्हते.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. ती गोठा जागेवर ठेवून मेंढरं नीट लावत होती. मी तिच्यावरच उखडले. “तू कशाला ओके म्हणालीस? घाबरलीस त्यांना?”

“नाही.”

“राग नाही आला तुला?”

“आला. खूप आला,” ती म्हणाली. “अजून आहे.”

मग ती गॅलरीत गेली, उरलेल्या पेंढीतून एक काडी ओढून घेऊन आली आणि रिकाम्या गव्हाणीत ठेवली. ती कशाची, हे विचारायचं नसतं. मला विचारायची गरजही नव्हती. पुन्हा गॅलरीत गेली, दुसरी काडी आणून माझ्यापुढे धरली.

“तुझी?”

मी ती घेतली. दिवसभरातलं काहीतरी आठवून पाहिलं. क्लबहाऊसमधलं माझं एकही वाक्य मला मागे घ्यायचं नव्हतं, आजही नाही. पण सासूबाई सांगायच्या ते खोट्या काडीचं टोचणं आठवलं आणि मी काडी परत पेंढीत खोचून आले.

नवरा, लेक आणि मी प्रार्थनेला बसलो. ज्यांनी आमचा अपराध केला त्यांना आम्ही क्षमा करतो, ही प्रार्थनेतली ओळ आली तेव्हा मी गप्प राहिले. लेकीनं ती म्हटली, जरा अडखळत, आणि माझ्याकडे बघितलं नाही.