कोड अण्णाच्या फोनवर

करमाळ्याचं सासर कायमचं सोडून सिद्धेश्वरी जुळे सोलापूर भागात माहेरी आली, तेव्हा तिच्याकडे स्वतःचा फोनसुद्धा नव्हता. ब्लाऊज कटिंगचे व्हिडिओ टाकायचं खातं तिनं घरातल्या जुन्या, सिमकार्ड नसलेल्या फोनवर थोरल्या भावाच्या, मल्लिनाथच्या नंबरावर उघडलं. त्यात कुणालाच वावगं वाटलं नाही. आपल्याकडे गॅसपासून बँकेपर्यंत सगळीकडे घरातल्या पुरुषाचाच नंबर लागतो! बघता बघता गावोगावच्या बायका तिच्याकडून कटोरी बेतायला शिकल्या, शिलाईची कामं येऊ लागली.

आणि परवा कुण्या नालायकानं तिच्या नावाचं खोटं खातं काढलं. फोटो तिचा, खालचा मजकूर वाचवत नव्हता. तिनं तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं, यात आमच्या नियमांचा भंग होत नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. असले नियम करताना एखाद्या बाईला तरी विचारलं होतं का? पुन्हा दाद मागायची तर आधी ओळख पटवा, म्हणे. त्यासाठीचा कोड गेला मल्लिनाथच्या फोनवर.

तो सात रस्ता चौकातल्या आपल्या दुकानातून तडक घरी आला. ते खोटं खातं त्याला गिऱ्हाइकानंच दाखवलं होतं.

"तोंड दाखवायला जागा न्हाय मला. तुझं खातं बंद कर."

"खोटं खातं त्याचं, अण्णा. माझं का बंद करू?"

"लई बोलू नको. बंद करणार असशील तरच कोड सांगतो."

त्याचा आवाज कापत होता. तोही घाबरलाय, हे तिला कळत होतं. पण पोटावर पाय येणार होता तो तिच्या.

तेवढ्यात त्यांची आई ईरम्मा आतून आली. अक्कलकोटच्या बहिणीशी बोलायला तिनं आपल्या नावावर सिमकार्ड काढलं होतं. तो बटणांचा फोन हातात घेऊन ती लेकीशेजारी बसली. सिद्धेश्वरीनं एकदा त्या फोनकडे पाहिलं.

"सांग कोड," ती भावाला म्हणाली.

त्यानं सांगितला. तिनं तो टाकला, तसं खात्याचं पान उघडलं. खातं बंद करायचं आणि नंबर बदलायचा, दोन्ही एकाखाली एक होतं. तिनं खालच्यावर बोट टेकवलं, दहा आकडे टाकले. मग ईरम्माचा फोन वाजला, त्यावर नवा कोड आला.

"एळु, एरडु..." ईरम्मा कन्नडात आकडे वाचू लागली.

मल्लिनाथ चमकला. "बंद करतीयस न्हवं?"

"न्हाय. तुझा नंबर काढायलेय."

"अव्वा, फोन इकडं दे!"

ईरम्मानं मान वर केली नाही. "ह्यो माझ्या नावावर हाय," ती म्हणाली आणि उरलेले आकडे वाचले.