सही करणारा गाडीत बसतो

माझी ती पोस्टिंग उत्तरेला होती, साडेतेरा हजार फुटांवर. जागेचं नाव लिहीत नाही. मी तेव्हा नायक होतो, ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर. खालच्या डेपोतून रेशन, केरोसीन आणि डाक भरायची, खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या पोस्टला पोचवायची. अंतर ६८ किलोमीटर, वेळ सात तास. आठवड्यातून तीन खेपा.

आमच्या युनिटचा एक रूल होता. ब्रेकचं काम झालं की रोड टेस्ट, गाडी वर्कशॉपचा ड्रायव्हर चालवायचा. टेस्टच्या कागदावर ज्या मेकॅनिकची सही, त्यानं टेस्टच्या वेळी ड्रायव्हरशेजारी डाव्या सीटवर बसायचं. आपल्या कामावर आधी आपला जीव ठेवायचा, मग दुसऱ्याचा.

लान्स नायक रोहिदास ठुबे माझ्याच पारनेर तालुक्याचा. वय सत्तावीस. त्याचे वडील किसनआबा एकतीस वर्षं ट्रकवर होते, एकही अपघात नाही. रोहिदास गाडीत चढण्याआधी चारही चाकांना एकेक लाथ मारायचा. मी एकदा हसलो तर म्हणाला, "हसू नका. आबा म्हणत्यात, चाक पायाशी बोलतं."

त्या दिवशी कॉन्व्हॉय पाच गाड्यांचा होता, निघायची वेळ ०६३०. रोहिदासची गाडी तीन नंबर, माझी दोन नंबर. त्याचा को-ड्रायव्हर आजारी होता, म्हणून तो एकटाच होता. त्याच्या गाडीचे मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक लाइनर आणि सिलिंडर आदल्या दिवशी बदलले होते. काम हवालदार भानुदास लगड यांचं. ते श्रीगोंद्याचे. हात चांगला होता, आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. ०५५० ला मी पाचही गाड्यांचे मीटर माझ्या डायरीत लिहिले. तीन नंबर: ४१,२६८. ०६२५ ला पुन्हा लिहिले. तीन नंबर: ४१,२६८. लिहिलं, पण वाचलं नाही.

०८४० ला पहिल्या हॉल्टला रोहिदास माझ्याकडे आला.

"पेडल मऊ लागतंय."

"उस्तादांची सही आहे. टेस्ट झालीय."

"मग ठीक," तो म्हणाला आणि गाडीकडे गेला.

खिंडीनंतर उतार लागतो. ११४१ ला रेडिओ वाजला.

"दो, तीन बोल रहा हूँ. पेडल नीचे जा रहा है. ओव्हर."

"तीन, गिअर में रख. पहाड़ की तरफ लगा. ओव्हर."

"पहाड़ की तरफ लेबर है."

त्यानंतर काही नाही. वळणावर डोंगराच्या कडेला सात मजूर रस्त्यावरचा बर्फ काढत होते. सातांपैकी एकालाही खरचटलं नाही. रोहिदासनं गाडी दरीच्या बाजूला घातली. खोली ११० मीटर. १४२० ला आम्ही त्याला वर आणलं.

चौकशी नऊ दिवसांनी झाली. मला पाच प्रश्न विचारले: अंतर, वेग, बर्फ, हवामान, रेडिओवरचं बोलणं. पाचांची उत्तरं दिली. सही करताना समोर उघडी फाईल होती. त्यात लगडचा कागद दिसला: ०६०० वाजता रोड टेस्ट, चार किलोमीटर, ब्रेक ठीक. मीटर चार किलोमीटर पुढं जायला हवं होतं. माझ्या डायरीत ते एकानंही पुढं गेलेलं नव्हतं. डायरी वरच्या खिशात होती. मीटरबद्दल कुणी विचारलं नाही, मी काढली नाही. निष्कर्ष असा आला की ब्रेक त्याच सकाळी तपासलेले होते, म्हणून चूक चालकाची, उतारावर वेगाचा अंदाज चुकला. लगडच्या सहीनं रोहिदासला मेल्यावर खोटं पाडलं.

सुट्टीवर आलो की मी किसनआबांकडे जायचो. भिंतीवर मुलाचा युनिफॉर्ममधला फोटो होता. आबा त्याच्याकडे पाठ करून बसायचे. दर वेळी एकच विचारायचे, "सात मानसं वाचवली म्हनत्यात, ते बरं झालं. पन मुळात उतारावर येग वाढू दिलाच का त्यानं? मी काय ह्येच शिकवलं हुतं?" गावात कुणाची गाडी कलंडली की लोक म्हणायचे, आबाच्या पोरासारखं झालं. मी चहा पिऊन उठायचो.

अशी चौदा वर्षं गेली. मी निवृत्त झालो. लगड माझ्या आधी निवृत्त झाले आणि नगरला सोलापूर रोडच्या बाजूला त्यांनी गॅरेज टाकलं. फोर बाय फोरचं काम करावं तर त्यांनीच, असं लोक सांगायचे. मला एकच गोष्ट हवी होती: लगडनं आपल्या तोंडानं किसनआबांना खरं सांगावं. ते भीतीनं सांगावं, अशीही इच्छा होती. ती लपवत नाही.

गाडी मी त्यासाठीच घेतली. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेती खात्याची जुनी डबल केबिन पिकअप, फोर बाय फोर, एकोणीस वर्षांची. तीन वर्षं गोदामामागं उभी होती. मीटर २,१४,३०५. बॉनेटखाली मुंगसानं घर केलेलं. ट्रॉलीवर घालून आणली आणि पत्र्याच्या शेडमध्ये आठ महिने काम केलं. बॉडी उचलून चेसिस उघडी केली. गंज अकरा ठिकाणी होता. अकराही ठिकाणी कापून नवा पत्रा वेल्ड केला. मागच्या स्प्रिंगचे पाटे पाच होते, त्यातले दोन तडकलेले. ते बदलून सहावा पाटा चढवला, गाडी ४५ मिलिमीटर उचलली. पुढच्या चाकांना ताकद देणारा गिअरबॉक्स खोलून त्याची बेअरिंग आणि सील नवी घातली. पुढचे हब जाम होते. डिझेलमध्ये सहा दिवस बुडवल्यावर सुटले. इंजिनचं हेड घासून घेतलं, इंजेक्टर टेस्ट केले. दुसरी बॅटरी बसवली, ६० लिटरची पाण्याची टाकी बसवली. हौद्यावर सुप्याच्या एका फॅब्रिकेटरकडून बंद टप करून घेतला. आत झोपायची फळी सहा फूट दोन इंच. जे बदललं त्याचे आरटीओत कागद करून घेतले.

बायको, मंगल, रोज चहा घेऊन शेडमध्ये यायची. एकदा म्हणाली, "एवढ्या दिवसांत म्हैस आटली आणि पुन्हा व्यालीही. ही कधी चालायची?"

"ब्रेक तेवढे राहिलेत."

"तुम्हाला येत नाहीत?"

"येतात."

"मग?"

"ते लगड करेल."

तिला नाव माहीत होतं. कप उचलून ती घरात गेली.

सोमवारी सकाळी दहाला मी गॅरेजवर गाडी नेली. लगडनं मला ओळखलं आणि मिठी मारली.

"औटी! आरं लेका, केस कुठं ठिवून आलास?"

"युनिटमध्ये जमा केले, उस्ताद."

त्यांना मागचे लाइनर आणि सिलिंडर बदलायला सांगितलं. हातात कागद दिला. त्यावर मी चार रकाने आखले होते: काम, आधीचं मीटर, टेस्टनंतरचं मीटर, सही. आधीचं मीटर मीच भरलं: २,१४,३८८.

"कागदं सुटली न्हाईत व्हय अजून तुझी?" ते हसले.

बुधवारी अकराला गेलो.

"झाली गाडी. पाच किलोमीटर टेस्ट मारली. लोणी हाय लोणी." त्यांनी तिसऱ्या रकान्यात २,१४,३९३ लिहिलं आणि खाली सही केली. मी गाडीत बसून मीटर पाहिलं. २,१४,३८८.

माणूस चौदा वर्षांत सुधारला असता तर माझी अडचण झाली असती. ती झाली नाही.

घरापर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून आणली. सिलिंडर बदलला की ब्रेक ऑइलच्या नळीत हवा राहते. ती प्रत्येक चाकाला असलेल्या छोट्या निपलमधून काढावी लागते, नाहीतर पेडल मऊ लागतं आणि लांब उतारावर खाली जातं. मंगलला पेडलवर बसवलं. "दाब. धर. सोड." मागच्या उजव्याला स्वच्छ ऑइल आलं. मागच्या डाव्याला बुडबुडे आले. सव्वीस वेळा पेडल दाबल्यावर ते थांबले. मग गाडी रिकामी चालवली, मग भरून, एकूण ३२ किलोमीटर. ब्रेक पक्के होते. रस्त्यावर दुसरीही माणसं असतात. कच्च्या ब्रेकची गाडी मी सूड घ्यायलाही घाटात नेणार नव्हतो. पण मी हवा काढली, हे लगडला सांगितलं नाही.

रविवारी त्यांना फोन केला. "करंजी घाटात लोड टाकून टेस्ट आहे. सही तुमची आहे. बसायला या."

"आनि जेवन?"

"खाली उतरल्यावर."

ते नवा शर्ट घालून आले. मागं वाळूच्या पोत्यांचं ६२० किलो वजन होतं. घाटमाथ्यावर मी गाडी कडेला घेतली आणि त्यांचा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

"उस्ताद, टेस्टच्या आधी मीटर २,१४,३८८. टेस्टनंतरही २,१४,३८८."

"आरं, गिऱ्हाइकाच्या गाडीला कोन बसतंय पाच-पाच किलोमीटर? चालायचंच ते."

मी गाडी सोडली. वेग तीस, गिअर तिसरा. पहिल्या वळणावर त्यांनी वरची कडी धरली. दुसऱ्या वळणाआधी त्यांचा उजवा पाय खाली काहीतरी दाबत होता. तिथं पेडल नव्हतं.

"मागच्या डाव्याची हवा… काढली आसंल मी."

"असेल?"

"औटी, थांबव."

समोर जागा मोकळी दिसेपर्यंत मी थांबवली नाही. तेवढ्यात ते तीन वेळा थांबव म्हणाले, तिसऱ्यांदा हात जोडून. मग मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. त्यांचा शर्ट छातीवर भिजला होता. मला बरं वाटलं.

"हवा होती. मी काढली," मी म्हणालो.

"मारायला आनलं हुतंस मला?"

"मारायचं असतं तर राहू दिली असती. आता तीन नंबर गाडीचं सांगा."

त्यांनी मांडीवरचा कागद उलटा केला.

"थंडी हुती. बोटं चालंनात. डाव्या मागच्याचा निपल जाम झाल्ता. म्हनलं एका चाकानं काय हुतंय. टेस्टला येळच न्हवता, सही केली." मग म्हणाले, "रोज आठवतो मला त्यो."

"तो तुमचा प्रश्न आहे. आता पारनेर तालुक्यात जायचंय. त्याच्या वडिलांकडे."

"मी न्हाई यायचा."

"मग उतरा आणि चालत जा."

ते उतरले नाहीत. जेवायला मी थांबलो नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही पोचलो. किसनआबा छपरात बसले होते. वय शहात्तर. लगडनं उभ्यानंच सांगितलं. आबांनी त्यांना बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले, "परत सांग." परत सांगितल्यावर उठून चपला घातल्या.

"मला एकट्याला सांगून काय उपेग? चौदा वर्सं गावानं ऐकलंय. चार मानसांत सांग."

गावात संध्याकाळी पाचला दूध संकलन केंद्रावर सगळे जमतात. त्या दिवशी एकोणीस माणसं होती, मी मोजली. किटल्यांच्या रांगेसमोर लगड बोलले: ब्रेक कच्चा होता, टेस्ट केली नव्हती, सही खोटी होती, पोराची चूक नव्हती. दूध मापणाऱ्यानं माप खाली ठेवलं. कुणीतरी शिवी दिली. लगडनं मान वर केली नाही. हेच बघण्यासाठी मी आठ महिने गाडीखाली पडून होतो.

तेव्हा आबा माझ्याकडे वळले.

"तुला कवापासनं म्हाईत हुतं?"

"चौकशीपासून."

"म्हंजी चौदा वर्सं."

"होय."

"माज्या घरी चा पिऊन जायचास तवा बी?"

"होय."

"मग तू बी सांग. हितंच."

मी लगडच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. डायरी सांगितली, मीटर सांगितलं. पेडल मऊ लागतंय असं रोहिदास मला म्हणाला होता आणि मी त्याला सही दाखवून परत पाठवलं, हेही सांगितलं. ते तोवर मंगललाही माहीत नव्हतं. शिवी कुणी दिली नाही. दिली असती तर सोपं गेलं असतं.

लगडनं आठवड्याभरात लेखी दिलं. माझ्या डायरीच्या दोन पानांसह ते युनिटला पाठवलं आहे. उत्तर अजून नाही. त्याच दिवशी आबांचा निरोप आला की ती जागा त्यांना बघायची आहे. "येतो म्हनावं. पन औटीच्या शेजारी न्हाई बसनार. मागं बसंन."

गाडीनं दहा दिवसांत २,४०० किलोमीटर काढले. मंगल पुढं, आबा मागच्या सीटवर. माझ्याशी ते कामापुरतं बोलले. त्या वळणावर पोचल्यावर त्यांनी गाडी वरच सोडली आणि उतार पायी उतरले, मग चढले, मग पुन्हा उतरले. श्वास लागत होता तरी कुणाचा हात घेतला नाही. एकतीस वर्षं रस्ता वाचलेला माणूस होता. डोंगराची कड पाहिली, दरीची कड पाहिली, मधली रुंदी पावलांनी मोजली. साडेसहा पावलं.

"ब्रेक नसंल तर हितं दोनच जागा," ते म्हणाले. "मानसं न्हाईतर दरी. मी असतो तरी हेच केलं असतं."

ते माझ्याशी बोलत नव्हते.

लान्स नायक रोहिदास किसन ठुबे, ड्रायव्हर, गाडी नंबर तीन. त्याची चूक नव्हती.