कॅमेऱ्यात रोल शे का?

चहा पाजता आणि डोकं खाता! रोज तेच, "नाना, लग्नाचे किस्से सांगा." आता म्हणे लिहून द्या. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला लिहायला बसवता, लाज नाही वाटत? जळगाव-धुळ्याकडं पार म्हातारा होईस्तोवर लग्नाचे फोटो काढले. किस्से म्हणजे घरातली जळमटं. कितीही झाडा, पुन्हा आहेतच. घ्या.

*

तेव्हा रोलचा कॅमेरा. रोलमध्ये फोटो छत्तीस आणि मांडवात फोटो पाहिजे असलेली माणसं चारशे! मग फोटोवाले रिकामा फ्लॅश मारायचे. कॅमेऱ्याचं बटण दाबायचंच नाही, नुसता उजेड पाडायचा. समोरचा खूश!

धुळ्याच्या एका लग्नात एक फेटेवाले पाहुणे सारखे पुढं यायचे. माझा जोडीदार हिरामण त्यांच्यावर रिकामा फ्लॅश मारत राहिला. शेवटी तेच म्हणाले, "भाऊ, आता पुरे, डोळे दुखले!"

*

एका पोराचा स्थळाला पाठवायला फोटो काढला. नुसतं उभं राहणं त्याला जमेना, म्हणून टेकायला माझी मोपेड दिली. लग्न जमलं! लग्नाला मी त्याच मोपेडवर गेलो. नवरी मुंडावळ्या बाजूला करून बघते.

"हाई गाडी त्यासनी शे ना?"

म्हटलं, "हो ताई, आज मला वापरायला दिली!" जमलेलं लग्न मोडू काय?

*

अमळनेरला स्टुडिओत नवी जोडी आली, सोबत सासू. मागं काश्मीरचा पडदा. सासू येऊन दोघांच्या मधोमध उभी.

"अक्का, जोडीचा फोटो आहे. तुम्ही बाजूला बसा."

"काब्रं? काश्मीर मी तरी कुठं पाहिलंय!"

काढला तसाच.

*

शिंदखेड्याचा नवरदेव फ्लॅश पडायच्या आधीच डोळे मिटायचा. नवरीनं हळूच विचारलं, "भाऊ, चिमटा काढू?" काढ म्हटलं. अल्बम आला तर प्रत्येक फोटोत नवरदेवाचे डोळे बटाट्याएवढे! त्याची आई म्हणाली, "मन्हा पोऱ्याला एवढं घाबरवलं कोणी?" सून खाली मान घालून पापड लाटत होती.

*

आता नशिराबाद. मांडवाच्या दारातच नवरीचे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, आडवे आले. धुळ्याचे तेच फेटेवाले पाहुणे! ते फोटो कधी आलेच नाहीत, त्याचा राग माझ्यावर.

"पहिला फोटो मन्हा! खरा!"

काढला. खरा. मग हार झाले, अक्षता झाल्या, सप्तपदी झाली, सगळं मन लावून काढलं. तेवढ्यात फुवा भर मांडवात ओरडले, "हाऊ रिकामा फ्लॅश मारस! कॅमेरामा रोल शे का नै, दखाड!"

मी "अहो, अहो" म्हणेस्तोवर त्यांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा ओढला आणि मागचं झाकण उघडलं. भर दुपारच्या उन्हात!

"शे ना भो रोल!"

होता. ऊन लागून जळला. नवरी रडायला लागली. मी दुसरा रोल भरला, जेवणानंतर पुन्हा हार घालायला लावले. नवरदेवाच्या गालात पान तसंच. अल्बममध्ये आहे ते.

जळलेला रोलही धुऊन पाहिला. सगळा काळाठिक्कर. गुंडाळीत सगळ्यात आत असतो तो पहिला फोटो तेवढा वाचला होता. फेटा बांधलेले फुवा, छाती पुढं!

तो त्यांनी बैठकीत टांगलाय. येईल त्याला दाखवतात, "बठ्ठा लगीनमा त्यानी एकच खरा फोटो काढा. बाकी बठ्ठा रिकामा फ्लॅश!"

त्यांनी माझी माफी मागायचं अजून बाकी आहे. फुवांचं नाव लिहून ठेवतो. सुकलाल आबा, नशिराबाद.