चारशे बारा पानं आणि एक नारळ

मोबाइल आले आणि घड्याळजी संपले, असं लोक म्हणतात. भीमराव मात्र संपायला तयार नव्हते. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळच्या त्यांच्या टपरीवर घड्याळांच्या पाटीखाली एक दिवस दुसरी पाटी लागली: 'हार्ड डिस्क रिपेअर. गेलेल्या फाइली परत मिळतील.' डोळ्याला तेच भिंग, हातात तोच चिमटा. उल्हासनगरच्या एका सिंधी भंगारवाल्याकडून मेलेल्या डिस्का किलोवर आणून त्यांनी दोन वर्षं चिरफाड केली होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

डिस्क उघडायची तर धुळीचा कण चालत नाही. मोठ्या कंपन्या त्यासाठी काचेच्या खोल्या बांधतात. भीमरावांकडे बुवापाड्यातल्या घराची न्हाणी होती. सकाळी बंबातलं कढत पाणी आत ओतायचं, वाफेने धूळ खाली बसली आणि लादी सुकली की स्टूल टाकून दार लावून घ्यायचं. तोवर घरात कुणी आंघोळ करायची नाही. नळाला पाणी सहा ते आठ. त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी बायको चांगुणाबाईंचा पारा बंबाच्या वर असे. "लोकांच्या फाइली वाचवा तुम्ही, आम्ही बसतो पारोसे!"

२००७ साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शरदचंद्र साहेब अख्खा कॉम्प्युटर रिक्षात घालून टपरीवर आले. केमिकल कंपनीतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेला माणूस. कॅबिनेटला झेंडूचा हार, वर कुंकू आणि पत्र्याला मधोमध हा एवढा पोचा.

"हे काय, साहेब?"

"नारळ फोडला."

"कॉम्प्युटरवर?"

"मग कुठे? तीस वर्षं कंपनीत दसऱ्याचा नारळ प्रत्येक मशीनवर मीच फोडायचो. आणि मशीन चालू ठेवून! बंद मशीनची कुणी पूजा करतं का?"

भीमरावांनी हसू मिशीत दाबलं. मिनिटाला सात हजार गिरक्या घेणाऱ्या डिस्कच्या डोक्यावर नारळ बसल्यावर ती बिचारी काय करणार? तिची वाचणारी सुई तबकडीला चिकटली होती.

"आत्मचरित्र आहे हो त्यात माझं." साहेबांचा आवाज एकदम पडला. "चारशे बारा पानं. तीन वर्षं दोन बोटांनी टाइप केलंय. पंच्याहत्तरीला छापून वाटायचंय. दुसरी कॉपी नाही." एवढा करडा माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं. भीमरावांना फार वाईट वाटलं.

त्याच दुपारी साहेबांच्या पत्नी मालिनीबाई एकट्या आल्या. इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "भीमराव, ती फाइल मिळाली नाही असं सांगाल?"

भीमरावांच्या हातातला चिमटाच पडला. "वहिनी, लोक फाइल मिळावी म्हणून रडतात इथं!"

"मीही रडलेच आहे. दोनदा वाचलंय मी ते. एकोणपन्नास वर्षांचा संसार आणि माझं नाव किती वेळा? एकदा. 'मालिनीने डबा दिला व मी संपवाल्यांच्या गर्दीतून वाट काढली.' आता हे सुना वाचणार, माझ्या माहेरचे वाचणार."

"मग साहेबांना सांगा की."

"सांगून लिहवून घेऊ? एवढी लाचार नाही मी."

भीमराव पेचात पडले. 'उद्या देतो' ही थाप ते दिवसातून दहादा मारत, पण डिस्कबद्दल गिऱ्हाइकाशी खोटं ते कधी बोलले नव्हते. घरी येऊन त्यांनी चांगुणाबाईंना सगळं सांगितलं.

"आणि तुम्ही लिहिलं तर माझं नाव किती वेळा येईल?"

"पहिल्या पानापासून."

"मग खुशाल बंब पेटवा आणि फाइल काढा," त्या म्हणाल्या. वर फाइल दाखवताना साहेबांना काय करायला लावायचं, तेही त्यांनीच शिकवलं.

तिसऱ्या सकाळी न्हाणीत ऑपरेशन झालं. तसल्याच दुसऱ्या डिस्कची सुई काढून हिला बसवली आणि चारशे बाराच्या चारशे बारा पानं उतरली. संध्याकाळी साहेब आणि मालिनीबाई टपरीवर आले. स्क्रीनवर फाइल उघडली तसा मालिनीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी भीमरावांकडे बघितलंसुद्धा नाही.

"साहेब, एकेक पान बघत बसू नका," भीमराव म्हणाले. "नाव टाकून शोधा. सगळं आलं की नाही ते लगेच कळतं."

साहेबांनी आपल्या जनरल मॅनेजरचं नाव टाकलं. दोनशे चौदा वेळा. साहेब खुलले. युनियनच्या पुढाऱ्याचं टाकलं. सत्त्याण्णव. कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर बाळाजी, तोही एकतीस वेळा निघाला.

"आता वहिनींचं टाका."

साहेबांनी दोन बोटांनी 'मालिनी' टाइप केलं. एक. चष्मा पुसून पुन्हा केलं. एक.

साहेब खवळलेच. "बघा, अर्धवट काम! पानंच्या पानं उडालीत! हिच्याशिवाय माझं आयुष्य झालं तरी असतं का?"

मालिनीबाईंनी मान वर केली.

"साहेब, डिस्कवर होतं तेवढं सगळं आलंय," भीमराव हळूच म्हणाले. "लिहिलंच नाही, ते मी कुठून काढू?"

साहेबांनी खाली पानांचा आकडा बघितला. चारशे बारा, एकही कमी नाही. मग बायकोकडे न बघताच त्यांनी विचारलं, "आपण अंबरनाथला आलो ते साल कुठलं गं?"

"एकसष्ट." मालिनीबाईंनी स्टूल कीबोर्डजवळ ओढलं. "आणि आलो असं लिहू नका. तुम्ही तयार नव्हता. मी आणलं तुम्हाला."