देवीखालची फुली

आमच्या शेजारची बाळाबाई कधी कुणाचं वाईट चिंतायची नाही. घोटाळा तिथंच झाला.

कोपरखैरण्यात आमच्या भिंतीला भिंत लावून तिचं घर. नवरा बाबासो साताऱ्याकडचा, वाशीच्या धान्यबाजारात पाठीवर पोती वाहणारा माथाडी. पन्नाशीत त्याचा उजवा हात थरथरायला लागला, मग चालता चालता पाय जागीच अडायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगून गोळ्या दिल्या. गोळी लागू पडली की अंग सुटायचं, उतरली की माणसाचं लाकूड. दुपार सगळ्यात वाईट. टोळीचा मुकादम धनाजी भला माणूस. दुपारी अंग चालत असेल तर पोती शिवायचं बसकं काम देतो, दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाला. घराची सगळी भिस्त आता त्या दुपारवर होती.

डॉक्टरांनी बाळाबाईला काम लावलं. रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी कॅलेंडरवर मांडायचं: अंग सुटलं तर टिंब, अडलं तर फुली. ते बघून ते गोळीचं माप आणि वेळ ठरवणार होते. पण कॅलेंडर व्यापाऱ्यानं दिलेलं, वर अंबाबाईचं चित्र. देवीच्या पायाशी नवऱ्याच्या नावानं फुली मारायला तिचा हात होईना. पहिल्याच दुपारी बाबासो खुर्चीत अडकून बसलेला असताना तिनं कुंकवाचं टिंब लावलं आणि हात जोडले. मांडलंय तसं होऊ दे. मग रोजच तसं. बाबासो बघायचा आणि गप्प बसायचा. मला तर त्याचाच राग जास्त येतो.

डॉक्टरांनी तपासायला बोलावलं तेही सकाळी, गोळी अंगात असताना. कॅलेंडर लालेलाल. कसं काय विचारल्यावर बाबासो म्हणाला, "बरं हाय." मोठ्या माणसापुढं रडगाणं कसं गायचं! औषध तेच राहिलं.

दसऱ्याआधी एका दुपारी जिना उतरताना त्याचे पाय मध्येच अडले आणि तो खाली कोसळला. खुब्याचं हाड मोडलं. दुपारी असं होतं तर मांडलं का नाही, म्हणून डॉक्टर वैतागले. बाळाबाईनं त्यांना कारण सांगितलं.

घरी येऊन तिनं कात्रीनं देवीचं चित्र कापून देव्हाऱ्यात ठेवलं. खालच्या तारखा परत भिंतीला लावल्या आणि फुल्या मारायला लागली.

"आता खरं मांडते," ती मला म्हणाली. "आता भ्यायचं काय ऱ्हायलंय?"

त्या फुल्या बघून डॉक्टरांनी दुपारच्या गोळीची वेळ अलीकडे घेतली, माप वाढवलं. थोड्याच दिवसांत फरक पडला.

हाड मात्र जुळलं नाही. दिवाळीत धनाजी येऊन गेला. जागा दुसऱ्याला दिली हे त्यानं मान खाली घालून सांगितलं.

हल्ली दुपारी बाबासोचं अंग मोकळं असतं. पलंगावर उशीला टेकून तो स्वतःच्या हातानं बशीतला चहा पितो, थेंब सांडत नाही. बाळाबाई त्या दिवसाच्या चौकोनात टिंब लावते. आता ते खरं असतं.