पडवीतला काळोखी कोपरा

न बांधलेल्या घरांची चित्रं संगणकावर करून देणाऱ्या त्या माणसाला मी कणकवलीत एकदाच भेटलो. आमच्या शेजाऱ्यांनी दुसरीकडून आणलेल्या चित्रात बंगल्याच्या चारही बाजूंना ऊन होतं. एवढे सूर्य आमच्या गावात उगवत नाहीत, पण मलाही तसंच चित्र हवं होतं.

त्याने माझा नकाशा टेबलावर उत्तरेकडे फिरवून ठेवला आणि विचारलं, "तुमची आवस तांदूळ खंय निवडता?"

आई जिथे बसणार होती, तो मागच्या पडवीचा कोपरा मी दाखवला. त्याने संगणकात दुपारचे चार वाजवले. चित्रातला सूर्य हलवताना तो स्वतःचे डोळेही बारीक करायचा. घर उजळलं, कोपरा मात्र काळाच राहिला.

"हो कोपरो इतको काळोखी कित्याक? थोडो उजेड टाका मा," मी म्हणालो.

"हयसर खोटो दिवो लावक माका येता," तो शांतपणे म्हणाला. "पण थंय, खऱ्या घरात, तुमच्या आवशीक भर दुपारी बल्ब लावचो लागतलो."

आईची नजर अधू झाली होती. तांदळातले खडे दाखवायला ती मला हाक मारायची आणि मारताना ओशाळायची. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. मी पश्चिमेच्या भिंतीत खिडकी काढायला सांगितली. त्या खर्चापायी नकाशातली दर्शनी कमान रद्द झाली.

शेजाऱ्यांचं चित्र त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. आमचं कुठे गेलं, आठवत नाही. चार वाजता आई सुपात तांदूळ घेऊन त्या खिडकीपाशी बसते, आणि मला हाक मारत नाही.